२,१४,७४,८३,६४७ (मर्सेन मूळ संख्या)

२,१४,७४,८३,६४७ ही दहा अंकी मूळ संख्या म्हणजे २चा ३१वा घात उणे १ होय. २च्या घातातून १ वजा करून येणाऱ्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन यांचे नाव मिळाले असून, त्यांच्या चढत्या क्रमात ही आठवी आहे. अशी संख्या मूळ असायची तर घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढे पुरत नाही: ११ मूळ असूनही २चा ११वा घात उणे १, म्हणजे २,०४७, ही २३ आणि ८९ यांचा गुणाकार निघते. मर्सेन यांनी १६४४ साली दिलेल्या यादीत ३१ होता. मात्र ६७ आणि २५७ हे चुकीचे घातांकही होते.

खात्रीची सिद्धता लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ साली, दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली असताना, योहान बर्नुली (तिसरे) यांना पत्राने कळवली. तिच्यातील काटकसर पाहण्यासारखी आहे. संख्येचे वर्गमूळ ४६,३४० हून किंचित जास्त असल्याने तिथपर्यंतच्या सुमारे ४,८०० मूळ संख्यांनी भाग जातो का हे तपासावे लागले असते. पण प या मूळ संख्येने भाग जात असेल, तर २च्या ३१व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते. त्यामुळे प मधून १ वजा केल्यास ३१ने, आणि प विषम असल्याने ६२ने, भाग जायलाच हवा. शिवाय २च्या ३२व्या घाताची बाकी २ येते, म्हणजे प ने भागून उरणाऱ्या बाकीच्या दृष्टीने २ हा २च्या १६व्या घाताचा वर्ग ठरतो, आणि हे प ला ८ने भागून बाकी १ किंवा ७ उरली तरच शक्य असते. दोन्ही अटी एकत्र केल्यावर २४८ने भागून १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्या मूळ संख्याच शिल्लक राहतात, आणि त्या शंभराहून कमी आहेत. त्यांतली पहिली ३११. तिने भागल्यास बाकी ३५ उरते. उरलेल्यांपैकी एकीनेही नि:शेष भाग जात नाही.

या संख्येला २च्या ३०व्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःखेरीज तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते.

संगणकात ३२ बिटांच्या (० किंवा १ अशा ३२ अंकांच्या) चिन्हयुक्त, म्हणजे धन किंवा ऋण असू शकणाऱ्या, पूर्णांकाची कमाल मर्यादा हीच आहे. तिने भागून बाकी काढणेही सोपे जाते: या भागाकारात २च्या ३१व्या घाताची बाकी १ येत असल्याने मोठ्या संख्येचे खालचे ३१ बिट वेगळे काढून वरच्या बिटांची संख्या त्यांत मिळवली, आणि गरजेनुसार हेच पुन्हा केले, की काम भागते. यादृच्छिक भासणारे आकडे निर्माण करण्याची एक प्रसिद्ध रीत यावरच उभी आहे. तीत आधीच्या आकड्याला १६,८०७ने, म्हणजे ७च्या पाचव्या घाताने, गुणून बाकी घेत जातात; १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा नेमका एकदा येऊन गेल्यावरच पहिला आकडा परततो.