गराज की फ्रीकबीट? साठच्या दशकातल्या विसरलेल्या रेकॉर्ड ओळखताना

बोनी एमच्या कॅसेट ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या अनेकांच्या कानावरून ‘पेंटर मॅन’ आणि ‘माय फ्रेंड जॅक’ ही दोन गाणी कधी ना कधी गेलेली असतील. मुळात दोन्ही बोनी एमची नाहीत. पहिलं १९६६ मध्ये द क्रिएशन या इंग्लिश बँडने काढलं होतं, दुसरं १९६७ मध्ये यॉर्कच्या द स्मोक या बँडने. मूळ रेकॉर्ड ऐकल्या की डिस्कोचा मागमूसही सापडत नाही. करकरणारी गिटार, अंगावर येणारे ड्रम आणि जेमतेम तीन मिनिटांत उरकलेला सगळा कारभार. साठच्या दशकातलं असं संगीत थोडंफार ऐकलेला माणूस चटकन म्हणतो, ‘हे तर गराज रॉक!’ या रेकॉर्ड जमवणारे मात्र गराज हे नाव अमेरिकेतल्या हौशी बँडसाठी राखतात आणि या ब्रिटिश संगीताला फ्रीकबीट म्हणतात, आणि या फरकावरून तासन्तास वाद घालतात. हा वाद मला अजिबात फुकट वाटत नाही. दोन्ही प्रकारच्या रेकॉर्ड कानाला भावंडांसारख्या वाटल्या, तरी जन्माला आल्या त्या अगदी निरनिराळ्या घरांत.

गल्लत होणं स्वाभाविक आहे. काळ एकच, साधारण १९६४ ते १९६८. दोघांचं मूळही एकच: बो डिडली, मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ या कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकारांचं संगीत. इंग्लंडमधल्या पोरांनी ते आयात रेकॉर्डवरून उचललं, आपल्या पद्धतीने वाजवलं आणि अमेरिकेला परत पाठवलं. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात बीटल्स आले. सुमारे ७.३ कोटी अमेरिकनांनी ते पाहिलं आणि त्यानंतर गावोगावच्या शाळकरी मुलांनी घराच्या मोटार ठेवायच्या खोलीत, म्हणजे गराजमध्ये, गिटारी जोडायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या काउंट फाइव्हचं ‘सायकॉटिक रिअ‍ॅक्शन’ (१९६६) ऐका, लंडनच्या यार्डबर्ड्स या बँडची छाप लपत नाही. म्हणजे शिकागोचं संगीत लंडनला जाऊन कॅलिफोर्नियात परतलं. इतक्या फेऱ्यांनंतर नुसत्या कानाने कोण कुठला हे ओळखणं कठीणच.

त्यात दोन्ही नावं नंतर चिकटलेली. १९६६ मध्ये कुठल्याही पोराने ‘मी गराज वाजवतो’ असं म्हटलं नाही. १९७२ मध्ये लेनी के याने इलेक्ट्रा कंपनीसाठी ‘नगेट्स’ हा २७ गाण्यांचा दुहेरी अल्बम संकलित केला आणि या विसरलेल्या गाण्यांकडे एक प्रकार म्हणून पाहिलं जाऊ लागलं. फ्रीकबीट हे नाव तर फिल स्मी या इंग्लिश संग्राहकाने ऐंशीच्या दशकात दिलं, त्याच्या बाम-करूसो कंपनीने अशा जुन्या गाण्यांच्या संकलनांची ‘रबल’ मालिका काढली त्या सुमारास. त्यामुळे मूळ तबकडीवर यांतला कुठलाही शब्द शोधून उपयोग नाही.

मग फरक कशात? माझ्या मते तो रेकॉर्ड कोणी, कुठे आणि कोणाच्या पैशाने काढली यात आहे. आवाजातला फरक त्याच्या मागून येतो.

गराजची रेकॉर्ड खालून वर येते. अमेरिकेत तेव्हा मागणीनुसार रेकॉर्ड छापून देणारे कारखाने होते. आरसीए आणि कोलंबियासारख्या बड्या कंपन्याही बाहेरच्यांचं काम घेत. पैसे भरा, टेप द्या, काही शे प्रती घेऊन जा. गावातला एखादा दुकानदार, रेडिओवरचा निवेदक किंवा मुलांपैकीच कोणाचे वडील पदरचे पैसे घालत आणि त्या एका रेकॉर्डपुरतं लेबलही स्थापन होई. गावागावात एएम रेडिओ केंद्रं होती आणि प्रत्येकाची आपली लोकप्रियता यादी. त्यामुळे एखादं गाणं एका शहरात पहिल्या क्रमांकावर आणि शंभर मैलांवर कोणाला ठाऊकही नाही, असं सर्रास होई.

मिशिगनमधल्या क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्सचं उदाहरण घ्या. ही मेक्सिकोतून आलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबांतली मुलं. ‘९६ टिअर्स’ त्यांनी १९६६ मध्ये पा-गो-गो नावाच्या चिमुकल्या स्थानिक लेबलवर काढलं. आसपासच्या रेडिओंनी ते उचललं, फिलाडेल्फियाच्या कॅमिओ कंपनीने हक्क घेतले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ते बिलबोर्डच्या देशव्यापी यादीत पहिलं होतं. कॅमिओची प्रत आजही सहज मिळते. पा-गो-गोची मिळाली तर संग्राहक ती जपून ठेवतो, कारण त्या लेबलवर गाणं अजून गावातच आहे.

या घराण्याचा खरा स्वभाव ‘लुई लुई’मध्ये ऐकू येतो. पोर्टलंडच्या किंग्जमेननी एप्रिल १९६३ मध्ये सुमारे ५० डॉलर खर्चून ते ध्वनिमुद्रित केलं. मायक्रोफोन वर टांगलेला, म्हणून गायक जॅक एली मान उंचावून ओरडतोय. शब्द इतके अस्पष्ट की त्यांत अश्लील काही आहे का याची एफबीआयने चौकशी केली आणि काहीच कळत नाही या निष्कर्षाला आली. गिटारचा तुकडा संपल्यावर नीट ऐका: एली वेळेआधीच गायला लागतो, चूक लक्षात येताच थांबतो, ड्रमर मधली जागा एका झपाट्यात भरून काढतो आणि एली पुन्हा सुरू करतो. चूक तशीच राहिली, तशीच छापली गेली आणि देशात दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. पुढे असंख्य पोरांनी हे गाणं वाजवलं, काहींनी ती चूकसुद्धा.

फ्रीकबीटची रेकॉर्ड याच्या उलट, वरून खाली येते. ब्रिटनमध्ये ईएमआय, डेका, पाय आणि फिलिप्स या चार कंपन्यांच्या हातात जवळजवळ सगळा बाजार होता. पार्लोफोन, फोंटाना, पिकॅडिली, डेरम ही वेगवेगळी दिसणारी लेबलं यांच्याच घरातली. खासगी रेकॉर्ड काढणाऱ्याला तिथे एक मोठी अडचण होती. १०० पेक्षा कमी प्रती छापल्या तर खरेदी कर लागत नसे, म्हणून हौशी लोक ९९ प्रतींवरच थांबत. एवढ्यात रेडिओ, दुकानं, प्रचार काहीच जमत नाही. अमेरिकेसारखी गावठी लेबलं तिथे फोफावली नाहीत, त्याचं हे एक कारण. त्यामुळे बँड लिव्हरपूलचा असो की कॉव्हेंट्रीचा, रेकॉर्ड काढायची तर लंडनच्या कंपनीच्या दारात उभं राहायचं.

एकदा दार उघडलं की मात्र सगळा सरंजाम मिळे: उत्तम स्टुडिओ, पगारी ध्वनिमुद्रक, अनुभवी निर्माता. बीटल्सचे जॉर्ज मार्टिन हेच द अ‍ॅक्शन या बँडचे निर्माते होते. द हू आणि द किंक्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड घडवणारा शेल टॅल्मी क्रिएशनकडे होता, आणि त्याच्याच प्लॅनेट लेबलवर १९६६ मध्ये ‘मेकिंग टाइम’ आलं. त्यात गिटारवादक एडी फिलिप्स व्हायोलिनचा गज गिटारच्या तारांवर ओढतो. सुरुवातीला नेहमीचं वाजवणं आहे, मग मध्येच ती लांबलचक, किरकिरणारी, धातूवर धातू घासल्यासारखी तान येते आणि गाण्याचा पायाच हलतो. ही युक्ती पुढे लेड झेपेलिनच्या जिमी पेजमुळे जगभर गाजली. ती नेमकी टिपली गेली, कारण समोर तिला सांभाळून घेणारा निर्माता आणि यंत्रं होती.

गराजमध्ये गोंगाट अनेकदा परिस्थितीने येतो: छोटी खोली, स्वस्त मायक्रोफोन, पहिलाच प्रयत्न. फ्रीकबीटमध्ये तो योजून केलेला असतो. गराजमध्ये व्हॉक्स किंवा फार्फिसा कंपनीचा पिपाणीसारखा ऑर्गन फार आढळतो, गाणं बहुधा सोडून गेलेल्या मुलीवर आणि गळा चिडलेला. फ्रीकबीटमध्ये गिटारचा फीडबॅक (स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरून घुमणारी शीळ), पुढे आणलेले ड्रम, मागे सुबक कोरस आणि मध्येच एखादी विचित्र कलाटणी. लिव्हरपूलच्या विम्पल विंचचं ‘रम्बल ऑन मर्सी स्क्वेअर साउथ’ (१९६७) हे तर एका मारामारीची गोष्ट सांगणारं छोटं नाटकच आहे. तरीही आवाज हा कच्चा पुरावा. अमेरिकेतल्या टॅकोमाचे सॉनिक्स मुद्दाम आणि पुरेपूर गोंगाट करतात, म्हणून ते काही फ्रीकबीट होत नाहीत.

दुर्मीळ असण्याची कारणंही वेगळी, आणि संग्राहकाला इथे खरं लक्ष द्यावं लागतं. गराजची रेकॉर्ड दुर्मीळ, कारण ती मुळातच थोडी छापली गेली. फ्रीकबीटची रेकॉर्ड देशभर विक्रीला ठेवलेली होती, पण कोणी घेतली नाही. तिला हात देणारी एक मोठी वाट म्हणजे समुद्रातल्या बोटींवरून चालणारी रेडिओ कॅरोलाइन आणि रेडिओ लंडनसारखी चोरटी केंद्रं. ऑगस्ट १९६७ मध्ये कायद्याने ती बेकायदा ठरवली. अशा पडलेल्या रेकॉर्डच्या निवेदकांसाठी काढलेल्या, लेबलवर मोठा ‘ए’ असलेल्या प्रती कधीकधी दुकानातल्या प्रतींपेक्षा जास्त सापडतात, कारण विक्रीची प्रत घेतलीच नव्हती कोणी. जॉन्स चिल्ड्रन या बँडचं ‘मिडसमर नाइट्स सीन’ तर बाजारात येता येता मागे घेतलं गेलं, त्यामुळे त्याची प्रत हाताला लागणं हे भाग्यच.

रेकॉर्ड हातात असेल तर तपासणी सोपी. अमेरिकन ४५ ला (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डला) मध्ये दीड इंचाचं मोठं भोक असतं. ब्रिटिश ४५ ला बारीक भोक आणि भोवती मोडून काढता येणारा मधला तुकडा. नाणं टाकून गाणी वाजवायच्या ज्यूकबॉक्ससाठी तो काढून टाकलेला असेल तर किंमत उतरते. ईएमआयच्या लेबलवर ठरलेल्या किमतीच्या अटीवरच विकावी अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापलेली दिसते. अमेरिकन छोट्या लेबलवर पुष्कळदा गावाचं नावच असतं. शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेलं वाचायला भिंग घ्या. तिथे त्रिकोण आणि पुढे आकडा असेल तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची, आणि त्या आकड्यावरून छपाईचा काळ लागतो. मोनार्कच्या पुष्कळ प्रती स्टायरीनच्या आहेत. हे प्लास्टिक जड सुईखाली लवकर झिजतं, म्हणून वरून चकचकीत दिसली तरी वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

माझ्या या कसोटीला अपवाद आहेत. ‘नगेट्स’मधले इलेक्ट्रिक प्रून्स बड्या रिप्रीझ कंपनीचे, आणि त्यांचं गाजलेलं गाणंही व्यावसायिक गीतकारांनी लिहिलेलं. त्यांना मी काठावरच ठेवतो. निखळ गराज ऐकायचं तर १९८३ पासून निघालेली ‘बॅक फ्रॉम द ग्रेव्ह’ मालिका ‘नगेट्स’पेक्षा जास्त खरी वाटते. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचे द मिसअंडरस्टूड तर दोन्हीकडचे. तिथल्या रेडिओवर काम करणाऱ्या जॉन पीलच्या पाठिंब्याने ते १९६६ मध्ये लंडनला गेले आणि फोंटानासाठी ‘आय कॅन टेक यू टू द सन’ हे विलक्षण गाणं केलं. तेवढ्यात गायक रिक ब्राउनला अमेरिकन सैन्यभरतीचं बोलावणं आलं. तो सैन्यातून पळाला आणि भारतात येऊन राहिला. बँड तिथेच संपला. व्हिएतनामच्या युद्धाने असे किती बँड मोडले याची मोजदाद नाही. गराजचा इतिहास लिहिताना ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते, हे मला नेहमी खटकतं.

आपल्याकडचे धागेही दोन्ही बाजूंना आहेत. ‘आप जैसा कोई’ची चाल देणारा बंगळूरचा बिद्दू १९६७ मध्ये लंडनला पोचला आणि रीगल झोनोफोनवर त्याची सिंगल निघाली. कंपनीच्या दारातून आत गेलेली, म्हणून ती दुसऱ्या घराण्याची. उलट सिगारेट कंपनीने भरवलेल्या सिमला बीट स्पर्धेतल्या हौशी बँडची गाणी ‘सिमला बीट ७०’ आणि ‘७१’ या दोन अल्बमवर आली. पैसा मोठ्या कंपनीचा असला तरी वाजवणारी पोरं परदेशी रेकॉर्डवरून कानाने शिकलेली आणि इंग्रजी गाण्याला आपलं वळण देणारी. मी त्यांना बेधडक गराजमध्ये धरतो. परदेशी संग्राहकांनी या अल्बमना डोक्यावर घेतलं आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या तिकडे निघाल्या. मुंबईत जुन्या रेकॉर्ड चाळणाऱ्याने ही दोन नावं लक्षात ठेवावीत.

ऐकायला सुरुवात करायची तर जोड्या लावून करा. आधी सॉनिक्सचं ‘द विच’ आणि लगेच द आइज या बँडचं ‘व्हेन द नाइट फॉल्स’. मग काउंट फाइव्हनंतर क्रिएशन. प्रत्येक वेळी ड्रम कुठून ऐकू येतात याकडे कान लावा: ‘द विच’मध्ये सगळी खोलीच ड्रम होऊन वाजते, ‘मेकिंग टाइम’मध्ये ड्रम गिटारपासून सुटा, स्वतःच्या जागी उभा राहतो.