पट्टी चिकटते ती एका सेकंदात

सिंकखालच्या कपाटाचं दार फुगलं की बहुतेक घरांत निकाल लगेच लागतो: "भुशाचा बोर्ड आहे, असंच होणार. प्लाय लावायला हवं होतं." थोडे जाणकार असतील तर म्हणतात, एज बँड (बोर्डाच्या कडेला लावायची पट्टी) देशी होता, जर्मन घ्यायला हवा होता. आणि अलीकडे तिसरंही एक कारण कानावर येतं: सिंक ईशान्येला हवं होतं, तुम्ही भलतीकडे ठेवलंत. या तिसऱ्या कारणावर फार शाई खर्च करत नाही. पाणी बोर्डात चढतं ते छिद्रांची रुंदी बघून, आणि छिद्रांना होकायंत्र नसतं. पहिल्या दोन कारणांत मात्र थोडंफार तथ्य आहे. पण खरा घोळ बहुतेक वेळा होतो तो बोर्ड आणि त्याच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी यांच्या मधल्या थरात, म्हणजे जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीच्या गोंदात. हा लेख मुख्यतः त्या ०.२ मिलिमीटरबद्दल आहे.

आधी बोर्ड. लाकडाच्या बारीक चिपांवर (काही कारखान्यांत उसाच्या चोथ्यावर) युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिन फवारतात आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबून त्याचा पार्टिकल बोर्ड करतात. लाकडाच्या पेशींच्या भिंतींची घनता घनमीटरला सुमारे १५०० किलो असते, बोर्डाची साधारण ६५० ते ७००. म्हणजे पैसे मोजून आणलेल्या बोर्डात निम्म्याहून जास्त जागा हवेने व्यापलेली असते. ही हवा सगळीकडे सारखी वाटलेली नसते. वरच्या-खालच्या थरांत बारीक चिपा असतात, शिवाय प्रेसच्या गरम पत्र्यांना चिकटून असल्याने त्या आधी मऊ होतात आणि जास्त दाबल्या जातात. मधला गाभा मात्र विरळ राहतो. प्रीलॅम बोर्डावर तर दोन्ही बाजूंना मेलामाइनचा कागद बसलेला असतो, त्यामुळे सपाट बाजूवर सांडलेलं पाणी पुसून टाकायला भरपूर वेळ मिळतो. पण पॅनल सॉने बोर्ड कापला की हा विरळ गाभा चारही कडांना उघडा पडतो.

केशाकर्षण आपण शाळेत शिकलो आहोत. छिद्र जितकं बारीक तितकं पाणी उंच चढतं. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत सुमारे १५ सेंटिमीटर, ०.०१ मिलिमीटरच्या नळीत दीड मीटर. बोर्डात प्रत्यक्षात इतकं होत नाही, कारण छिद्रं वेडीवाकडी असतात आणि बनवतानाच चिपांत थोडं मेण मिसळलेलं असतं. पण फरशी पुसल्यावर कपाटाच्या तळाशी राहिलेलं पाणी वर खेचायला एवढं केशाकर्षण पुरेसं आहे.

पाणी आत शिरल्यावर जे होतं ते पोहे भिजवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दाबून चपटी केलेली वस्तू ओली झाली की दाबण्याआधीच्या जाडीकडे परत जाऊ पाहते. प्रेसमध्ये चिपांना जबरदस्तीने चपटं केलेलं असतं, आणि त्यांना तसं धरून ठेवणारं युरिया-फॉर्माल्डिहाइडही ओल आणि उष्णता एकत्र आली की हळूहळू तुटतं. साधं लाकूड ओलं होऊन फुगतं आणि वाळल्यावर बरंचसं मूळ मापावर येतं. पार्टिकल बोर्डाची कड एकदा अशी उसळली की वाळूनही जाड ती जाडच राहते. उन्हात ठेवून दार "बसेल" ही आशा म्हणूनच फोल ठरते.

तर पट्टीचं खरं काम ही उघडी कड बंद करण्याचं आहे. दिसायला छान हा नंतरचा फायदा. पट्टी पीव्हीसीची असते, एबीएसची असते, क्वचित पॉलिप्रॉपिलीनची. जाडी ०.४ पासून ३ मिलिमीटरपर्यंत, १८ मिलिमीटरच्या बोर्डाला २२ मिलिमीटर रुंद; वरखाली उरलेली नंतर मशीनच छाटते. प्लॅस्टिकच्या पट्टीतून पाणी जवळपास जातच नाही, मग ती जर्मन असो वा देशी. पाणी शिरतं ते सांध्यातून.

आता गोंद. कारखान्यात पट्टी लावायला हॉटमेल्ट वापरतात: खोलीच्या तापमानाला घट्ट दाणे, २०० अंश सेल्सियसच्या आसपास पातळ द्रव. यातला नेहमीचा म्हणजे ईव्हीए, एथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. यात ना पाणी असतं ना उडून जाणारं द्रावक. तो "वाळत" नाही, फक्त थंड होतो. सगळी गंमत इथेच आहे.

चिकटणं म्हणजे काय? लाकडाच्या बाजूला समजायला सोपं आहे: पातळ गोंद छिद्रांत घुसतो, थंड होतो आणि तिथेच अडकून बसतो. पट्टीच्या बाजूला छिद्रंच नाहीत. तिथे गोंदाचे आणि प्लॅस्टिकचे रेणू एकमेकांना नुसते ओढतात, व्हॅन डर वाल्स बलांनी. ही बलं प्रभावी असतात ती नॅनोमीटरच्या आसपासच्या अंतरावर. गोंद पट्टीला रेणूइतका जवळ गेला तरच धरतो, एका मायक्रॉनची फट राहिली तरी त्याच्या हिशोबी ती दरीच. एवढं जवळ जायला द्रव पृष्ठभागावर पसरला पाहिजे, म्हणजे पृष्ठभाग ओला झाला पाहिजे. पसरायला तो पातळ हवा, पातळ राहायला गरम हवा.

किती वेळ गरम राहतो? नेहमीच्या मशीनमध्ये बोर्ड सरकत जातो, एक रोलर त्याच्या कडेवर गोंद फासतो, थोडं पुढे पट्टी येऊन भेटते आणि दाबाचे रोलर तिला आवळतात. गोंद फासल्यापासून दाब पडेपर्यंतचा काळ हा सगळा कारभार ठरवतो. उष्णतावहनाचं गणित करून बघू. ज्यांना आकडे नकोत त्यांनी एक परिच्छेद सोडून पुढे जावं, राग नाही.

२०० अंशांचा ०.२ मिलिमीटर जाडीचा थर, २५ अंशांच्या बोर्डावर. उष्णता मुख्यतः लाकडात शिरते; हवेत जाते ती इतक्या कमी वेळात दुर्लक्ष करण्याइतकी. थर किती काळात निवतो हे दोन गोष्टींवर ठरतं: थरात साठलेली उष्णता आणि ती ओढून घेण्याची लाकडाची क्षमता. लाकूड उष्णता ओढतं ते वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, कारण जवळचा भाग तापला की पुढची उष्णता अधिक लांब न्यावी लागते. हे उलटं मांडलं तर थर निवायला लागणारा वेळ त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. नेहमीच्या वहनांकांनी ढोबळ हिशोब केला तर ०.२ मिलिमीटरचा थर साधारण १.३ सेकंदात शंभर अंशांवर उतरतो. मशीनचा वेग मिनिटाला २० मीटर आणि गोंदाच्या रोलरपासून दाबाच्या रोलरपर्यंतचं अंतर ३० सेंटिमीटर धरलं, तर मधे ०.९ सेकंद जातो आणि दाब पडतो तेव्हा गोंद ११० अंशांच्या आसपास असतो. ठीक. आता वेग मिनिटाला ५ मीटर करा: ३.६ सेकंद, गोंद ७५ अंशांवर. या तापमानाला ईव्हीए दाट होऊन गोठायला लागलेला असतो, प्लॅस्टिकवर पसरणं त्याला जमत नाही. आणि वेग २० मीटरच ठेवून गोंद निम्मा केला, ०.१ मिलिमीटर, तर? वर्गाचा नियम: वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. उत्तर पुन्हा तेच, ७५ अंश.

म्हणजे गोंदात पन्नास टक्के काटकसर करणं आणि मशीन चौपट हळू चालवणं यांचा परिणाम एकच. वर्कशॉपमध्ये एक समज घट्ट बसलेला आहे की "मशीन हळू चालवा, नीट चिकटेल". हाताच्या कामाची सवय असलेल्या माणसाला ते पटणं स्वाभाविक आहे. भौतिकशास्त्र नेमकं उलटं सांगतं. तीच गोष्ट थंडीची. डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांच्या शेडमध्ये रात्रभर पडलेला बोर्ड थेट मशीनवर चढवला, तर दाब पडेपर्यंत गोंद आणखी सहा-सात अंशांनी उतरलेला असतो. सकाळचा माल दुपारच्या मालापेक्षा लवकर सुटतो, अशी तक्रार आली तर मिस्त्रीच्या हातापेक्षा आधी थर्मामीटर तपासावा.

इथे कोणी विचारेल की पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, मग २०० अंशांचा गोंद लागल्यावर पट्टी वाकडी कशी होत नाही? कारण तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ०.२ मिलिमीटरच्या थरात उष्णताच इतकी थोडी असते, की तिच्यातली निम्मी २ मिलिमीटरच्या पट्टीत गेली तरी अख्खी पट्टी सरासरी १३ अंशांनीच तापते. पृष्ठभागाची अगदी पातळ कातडी क्षणभर त्याहून बरीच जास्त तापते, तेवढंच. ०.४ मिलिमीटरच्या पट्टीचं मात्र असं नाही. तिच्यात उष्णता सामावून घ्यायला जागाच कमी, म्हणून पातळ पट्टीवर गोंद जास्त गरम झाला की पृष्ठभाग लहरी दिसू लागतो.

प्लॅस्टिकची अडचण एवढ्यावर संपत नाही. द्रव पसरतो तो आपल्यापेक्षा जास्त पृष्ठऊर्जा (म्हणजे पृष्ठभागाची दुसऱ्या पदार्थाला ओढून घेण्याची ताकद) असलेल्या पृष्ठभागावर. पीव्हीसीची पृष्ठऊर्जा बेताची, पॉलिप्रॉपिलीनची तर त्याहून कमी. म्हणून चांगल्या पट्टीच्या मागच्या बाजूला कारखान्यातच प्रायमरचा पातळ थर दिलेला असतो, एका बाजूने प्लॅस्टिकशी आणि दुसऱ्या बाजूने गोंदाशी जमवून घेणारा. स्वस्त पट्टीत कंजूषी होते ती इथे. रंग, चमक, जाडी सगळं हुबेहूब, पण मागची बाजू कोरडी. "जर्मन" शब्दात काही अर्थ असलाच तर तो या न दिसणाऱ्या प्रायमरमध्ये आहे, आणि तो नीट देणारे कारखाने इतरत्रही आहेत.

ईव्हीएची दुसरी मर्यादा त्याच्या गुणातच आहे. गरम केल्यावर वितळतो म्हणून लावता येतो, आणि म्हणूनच पुन्हा गरम झाला की पुन्हा मऊ होतो, ७०-८० अंशांच्या आसपास. कुकरच्या वाफेच्या झोतात येणारं वरचं कपाट, ओव्हनशेजारची फळी, मे महिन्यात उन्हात दिवसभर उभा राहिलेला बंद टेम्पो, या सगळ्या ठिकाणी तो काठावर असतो. शिवाय पीव्हीसी गरमीने लाकडापेक्षा खूप जास्त प्रसरण पावतं. दोन मीटरची मोकळी पट्टी २० अंशांनी तापली तर जवळपास ३ मिलिमीटर लांब होईल. चिकटलेली पट्टी तेवढी लांब होऊ शकत नाही, तो सगळा ताण गोंदावर येतो, आणि नेमका त्याच वेळी गोंद मऊ पडलेला असतो. टोकं आधी सुटतात ती यामुळे.

यावर उपाय म्हणजे पीयूआर, रिॲक्टिव्ह पॉलियुरेथेन. हाही हॉटमेल्टच, पण १२०-१५० अंशांना लागतो आणि थंड झाल्यावर त्याची खरी रसायनक्रिया सुरू होते. त्याचे आयसोसायनेट गट हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्याशी जुळतात, साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, आणि काही दिवसांत असं जाळं तयार होतं की ते पुन्हा वितळतच नाही. ज्या ओलाव्याने बोर्ड फुगतो, त्याच ओलाव्याने हा गोंद पक्का होतो. मला हा प्रकार फार आवडतो. पण त्याच गुणामुळे तो छोट्या वर्कशॉपला परवडत नाही: डबा उघडा राहिला, मशीनच्या टाकीत रात्रभर उरला, की टाकीतच दगड होतो.

२००९ मध्ये जर्मनीत हानोव्हरच्या लिग्ना या लाकूडकामाच्या यंत्रांच्या प्रदर्शनात लेझरने पट्टी लावणारं मशीन दाखवलं गेलं. त्यात पट्टीच्या मागे कारखान्यातच एक पॉलिमरचा थर असतो, लेझर नेमका तोच दाब पडण्याच्या ऐन क्षणी वितळवतो. वरच्या हिशोबातला ०.९ सेकंद जवळपास नाहीसा होतो. यालाच दुकानात "झीरो जॉइंट" म्हणून विकतात. सांधा शून्य नसतो. पट्टीच्याच रंगाचा असतो, म्हणून दिसत नाही. तंत्र उत्तम आहे, शून्य हा विक्रेत्याचा आकडा.

आणि "१०० टक्के वॉटरप्रूफ फर्निचर" हाही. लेझरने लावलेल्या सुंदर दाराच्या मागे बिजागरीसाठी ३५ मिलिमीटर व्यासाचं, १२-१३ मिलिमीटर खोल भोक पाडलेलं असतं, सरळ त्या विरळ गाभ्यात. सिंकच्या पाइपसाठी कापलेली भोकं, मागच्या फळीची खाच, कपाटाचा तळ: इथे सहसा मशीन पट्टी लावत नाही, आणि "दिसत नाही" म्हणून माणसंही लावत नाहीत. किमान सिलिकॉन किंवा रंगाचा एक हात तरी मारून घ्यावा. उघड्या कडांतून फॉर्माल्डिहाइडही सपाट बाजूपेक्षा जास्त बाहेर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला २००४ मध्ये पहिल्या गटातला, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेला, कर्ककारक ठरवलं आहे. तेव्हा न दिसणारी कड बंद करायला हे आणखी एक कारण.

पट्टी कशी लागली आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. ऑर्डर देण्याआधी वर्कशॉपमध्ये एखादा तुकडा मागा, एक दिवस जुना, आणि पट्टी ओढून काढा. गोंद कुठे राहिला ते बघा. सगळा बोर्डावर राहिला आणि त्यावर रोलरचे ठसे जसेच्या तसे असतील, तर पट्टी भेटण्याआधीच तो निवला होता. बोर्डावरच राहिला पण दाबून गुळगुळीत झालेला असेल, तर पट्टीच्या प्रायमरवर संशय घ्या. सगळा पट्टीवर आला आणि बोर्डाची कड कोरडी, तर बोर्ड थंड होता किंवा करवतीची धूळ झटकलेली नव्हती. पट्टीबरोबर चिपा उपटून आल्या, तर गोंद बोर्डापेक्षा मजबूत निघाला; याहून चांगला निकाल पार्टिकल बोर्डावर मिळत नाही.