मुंबई-कराची: दीड तासाचं अंतर, त्याच्या मागची गोष्ट

मुंबई ते कराची सरळ हवाई अंतर साधारण ८७५ किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी, जेटला दीड तास खूप झाला. पण आज तिकीट शोधलं की दुबईवरून जायला सांगतात, आधी मुंबई-दुबई १९०० च्या वर, मग दुबई-कराची १२०० च्या आसपास, म्हणजे तीन हजारांवर किलोमीटर आणि नुसते हवेतलेच पाच तास, दुबईला थांबायचं ते वेगळं.

खरं तर आपल्याकडची नियमित विमानसेवा सुरू झाली तीच ह्या रूटवर. लंडनहून इंपीरियल एअरवेजची टपाल १९२९ पासून कराचीपर्यंत विमानाने यायची आणि पुढे रेल्वेने, त्यात दिवस जायचे, म्हणून टाटांनी हा पुढचा टप्पा उचलला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा पहाटे कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एका छोट्या पस मॉथ विमानात २५ किलो टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला उतरले, तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले, आणि दुपारी दोनच्या आत जुहूला! एकच इंजिन, मधे हॉल्ट, तरी साधारण सात तास. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखल व्हायचं म्हणून ते चार महिने विमानं पुण्याला उतरवायचे, हे वाचून मला भारी वाटलं होतं.

आणि तेव्हा ही दोन शहरं एकाच मुंबई इलाख्यात होती हो. सिंध वेगळा प्रांत झाला १९३६ ला. कराचीतली जुनी एनजेव्ही शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य ह्या मराठी माणसाच्या नावाने आहे, त्यांनी सिंधमध्ये शिक्षणाचं मोठं काम केलं. म्हणजे नोकरी-धंद्यासाठी कराचीला जाणं ही आपल्या माणसांसाठी परदेशवारी नव्हतीच.

फाळणीनंतर मधे सीमा आली तरी विमानं चालू होती. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांमुळे बंद पडलेली सेवा थेट १९७६ ला पुन्हा सुरू झाली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर जानेवारी २००२ पासून पुन्हा बंद, २००४ ला चालू. शेवटी पाकिस्तानच्या पीआयएचं कराची-मुंबई विमान तेवढं राहिलं होतं, तेही २०१७ ला थांबलं. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं.

मला सगळ्यात जास्त लागते ती १९८२ ची गोष्ट. पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली म्हणून ७८ वर्षांचे जे.आर.डी. पुन्हा कराचीला गेले आणि जुन्या लेपर्ड मॉथमध्ये बसून तोच रस्ता एकट्याने उडत जुहूला आले. तेव्हा हे करता येत होतं.