मुलाला मानसोपचाराला नेलं म्हणजे शिक्का बसत नाही

‘पोराला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलंत तर कायमची नोंद राहील, पुढे लग्नात आडवं येईल.’ हे वाक्य कितीतरी घरांत ऐकलंय आणि दरवेळी पोटात कालवतं, कारण या भीतीपायी मुलांची वर्षं वाया जातात.

खरं काय ते सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. शाळेला किंवा शेजाऱ्यांना ती परस्पर कळवता येत नाही.

‘गेलं की गोळ्या सुरू’ हाही गैरसमजच. दर सोमवारी सकाळी पोट दुखणारी, पोटाच्या तपासण्यांत काहीच न सापडलेली आठ वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. पहिल्या भेटीत तिच्यापुढे बहुधा कागद, खडू आणि खेळणी असतात. आईवडिलांना बारीकसारीक विचारतात: झोप कशी आहे, कुठला तास नकोसा वाटतो, घरात अलीकडे काय बदललं? पुष्कळदा उपचाराची सुरुवात पालकांशी बोलण्यातूनच होते, कधी शिक्षकांनाही सोबत घ्यावं लागतं, अर्थात तुमच्या संमतीने. औषध लागतं तेव्हा ते जरूर द्यावं, त्यातही लाजण्यासारखं काही नाही.

आणि हे काही नवं फॅड नव्हे. मुंबईत मुलांच्या मानसिक अडचणींसाठीचं बालमार्गदर्शन केंद्र १९३७ मध्येच सुरू झालं होतं.

कुठे जावं सुचत नसेल तर १४४१६ फिरवा. ही सरकारची टेलिमानस, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सेवा. मोफत, चोवीस तास, मराठीतही.