गव्हाला पेरणीसोबत खत द्यायची पद्धत आली कुठून

रब्बीत गहू पेरताना पाभरीच्या (पेरणीच्या अवजाराच्या) एका चाड्यात म्हणजे नरसाळ्यात बी आणि दुसऱ्यात डीएपी हे नत्र-स्फुरदाचं खत, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. पण आपल्याकडे हे सर्रास सुरू झालं ते साठेक वर्षांतच. त्याआधी उन्हाळ्यात शेणखत पसरायचं, नाहीतर धनगराची मेंढरं रात्री रानात बसवायची, त्याला धान्य द्यायचं आणि कुळवाच्या पाळ्या मारून सगळं मातीत मिसळायचं. बन्सीसारखा उंच गहू काळ्या रानात नुसत्या ओलीवर यायचा, त्याला तेवढं पुरायचं.

रासायनिक खत तेव्हा नव्हतं असं नाही. इंग्लंडात जॉन लॉज या जमीनदारांनी १८४२ला सुपर फॉस्फेट या स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खताचं पेटंट घेतलं, पुढच्याच वर्षी रोथॅमस्टेडच्या आपल्या शेतावर गव्हावर खताचे प्रयोग सुरू केले आणि ते अजून चालू आहेत. आपल्याकडे १९०६ला तामिळनाडूत राणीपेटला सुपर फॉस्फेटचा कारखाना निघाला, १९५१ला आताच्या झारखंडमधल्या सिंदरीत अमोनियम सल्फेट हे नत्राचं (नायट्रोजनचं) खत बनायला लागलं. अडचण गव्हाचीच होती, जुन्या उंच वाणाला नत्र जास्त झालं की तो ओंबीच्या भाराने लोळायचा, मग खत घालून फायदा काय.

ते कोडं सुटलं बुटक्या गव्हाने. जपानच्या नोरिन १० या वाणातला बुटकेपणा नॉर्मन बोरलॉग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मेक्सिकोत आपल्या गव्हात आणला आणि १९६६ला भारताने लर्मा रोजो, सोनोरा ६४ असं १८,००० टन बियाणं तिकडून आणलं. हा गहू खत पचवून उभा राहायचा. बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश (पोटॅश) ही शिफारस या बुटक्या वाणांमुळेच शक्य झाली.

यातलं स्फुरद आणि पालाश सगळं पेरतानाच, नत्र मात्र निम्मं, उरलेलं २१ दिवसांनी मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटताना पाण्यासोबत. कारण नत्र पाण्याबरोबर वाहतं, स्फुरद जिथे पडतं तिथेच बसतं आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तर अजूनच घट्ट धरलं जातं, म्हणून ते फोकून (वरून विस्कटून) नाही, बियाच्या खाली पेरूनच द्यायला पाहिजे. एकराला डीएपीची एक गोणी म्हणजे २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र, वर ३०-३५ किलो युरिया (नुसत्या नत्राचं खत) आणि २५-३० किलो पोटॅश, की पेरणीचा डोस झाला.

हे गणित बिघडवलं ते दरांनी, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. ऑगस्ट १९९२मध्ये सरकारने स्फुरद-पालाशच्या खतांवरचं नियंत्रण काढलं, त्यांचे दर भडकले, आणि त्याच वेळी युरिया १० टक्के स्वस्त केला. २०१०ला अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आलं त्यातही युरिया बाहेरच ठेवला, म्हणून तो स्वस्तच राहिला. मग हातात पैसे कमी असलेला शेतकरी काय करणार, पेरताना खताला हात आखडता घेतो आणि नंतर युरियाच्या गोण्या ओततो, रान हिरवंगार दिसतं पण फुटवे आणि मुळं कमीच. दोष त्याचा नाही, दर ठरवणाऱ्यांचा आहे.

रब्बीच्या तोंडावर डीएपी मिळत नसेल तर एकरी ३ गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट पेरा, २४ किलो स्फुरद मिळतं आणि गंधकही येतं, फक्त त्यात नत्र अजिबात नाही, म्हणून पेरणीच्या वेळचा युरिया ५० किलोच्या आसपास न्यावा लागतो.