धाग्यावरचं तेल मोजायला सॉल्व्हंट कशाला?

पॉलिएस्टर किंवा नायलॉन म्हणजे नुसतं प्लॅस्टिक वितळवून ओढलेला धागा, अशी बहुतेकांची समजूत असते. पण असा कोरडा धागा मशीनवर टिकणारच नाही. मिनिटाला ३००० मीटरच्या आसपास वेगाने तो पळतो, गाईडवर घासतो, स्टॅटिक चार्ज धरतो आणि मग त्यातले फिलामेंट (बारीक तंतू) फाकतात नाहीतर तुटतात. म्हणून धागा थंड झाला की लगेच त्याला स्पिन फिनिश लावतात, म्हणजे वंगण (तेल), अँटिस्टॅटिक, तेल पाण्यात मिसळणारा इमल्सिफायर वगैरेंचं मिश्रण. प्रमाण साधारण वजनाच्या अर्धा ते एक टक्का. कमी पडलं तर तुटातूट, जास्त झालं तर रोलर चिकट, तापवताना धूर आणि पुढे डाइंगला डाग. त्यामुळे हा अर्धा टक्का नीट मोजावाच लागतो.

जुनी पद्धत सॉक्सलेटची. हे काचेचं उपकरण १८७९ साली आलं, तेही दुधातलं फॅट मोजायला! धागा गरम सॉल्व्हंटने, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवाने, तासन् तास धुवायचा, सॉल्व्हंट उडवायचा आणि मागे उरेल त्याचं वजन करायचं. रिझल्ट येईपर्यंत मशीनवरून ढीगभर बॉबिन उतरलेले असतात, शिवाय पॉलिएस्टरमधले छोटे रेणूही सॉल्व्हंटबरोबर निघून येतात आणि फिनिश म्हणून मोजले जातात. सॉल्व्हंट पेटणारा किंवा विषारी, ते वेगळंच.

आता सॉल्व्हंटशिवाय मोजायची पद्धत, पल्स एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स), माझी आवडती गोष्ट. दोन-चार ग्रॅम धागा काचेच्या नळीत ठासून ती चुंबकात सोडायची, बस. हायड्रोजनचा प्रत्येक प्रोटॉन म्हणजे इवलासा चुंबक, आणि ०.४७ टेस्लाच्या क्षेत्रात तो सेकंदाला २ कोटी वेळा गरगरतो. त्याच फ्रिक्वेन्सीचा, काही मायक्रोसेकंदांचा रेडिओ पल्स दिला की सगळे प्रोटॉन एका लयीत येतात आणि भोवतालच्या कॉइलमध्ये सिग्नल उमटतो. पण प्रत्येक प्रोटॉनवर शेजाऱ्यांचं बारीक चुंबकीय क्षेत्रही असतंच. घन प्लॅस्टिकमध्ये शेजारी जागचे हलत नाहीत, त्यामुळे कुणाला जरा जास्त क्षेत्र, कुणाला जरा कमी, आणि दहा-वीस मायक्रोसेकंदांत लय मोडून सिग्नल संपतो. तेलातले रेणू मात्र सतत कोलांट्या मारतात, शेजाऱ्यांचा परिणाम सरासरीत पुसला जातो आणि लय कितीतरी मिलिसेकंद टिकते. म्हणजे थोडं थांबून मोजलं की धागा गप्प आणि फक्त तेल बोलतंय!

एक घोळ राहतो. चुंबकाचं क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे तेलाचीही लय मोडते. त्यावर १९५० साली भौतिकशास्त्रज्ञ एर्विन हानने उपाय सुचवला: मध्येच दुसरा पल्स द्यायचा. शर्यतीत सगळ्यांना अचानक मागे फिरा म्हटलं की पुढे गेलेला आणि रेंगाळलेला दोघे स्टार्ट लाईनला एकदमच पोचतात, तसा सिग्नल परत उभा राहतो, त्याला एको (प्रतिध्वनी) म्हणतात. एकोची उंची तेलातल्या प्रोटॉनच्या संख्येच्या प्रमाणात, तिला नमुन्याच्या वजनाने भागायचं. मोजणी मिनिटभरात उरकते आणि धागा जसाच्या तसा राहतो.

 

अडचण पाण्याची. ओलाव्यातले प्रोटॉनही मोकळे फिरतात आणि नायलॉन तर हवेतून चारेक टक्के पाणी सहज ओढून घेतं, म्हणून नमुना आधी वाळवावा लागतो. फिनिशमध्ये मेणासारखं काही असेल तर ते पातळ व्हावं म्हणून चुंबक आणि नमुना ४० अंशांच्या आसपास ठेवतात. सिलिकॉन तेलासाठी एक्स-रे फ्लुओरेसन्सही चालतं, ते थेट सिलिकॉनचे अणू पकडतं.

आणि या मशीनच्या जाहिरातीतल्या 'शून्य सॉल्व्हंट'वर लगेच विश्वास ठेवू नका. फिनिश बदललं की मशीनला नव्याने कॅलिब्रेट करावं लागतं, त्यासाठी फिनिशचं प्रमाण आधीच माहीत असलेले नमुने लागतात, आणि ते प्रमाण बऱ्याच लॅब अजून सॉक्सलेटनेच ठरवतात. कोऱ्या धाग्यावर फिनिश वजन करून लावलं तर तेही टळतं, फक्त कुणीतरी तेवढा वेळ द्यायला हवा.