उद्देशिकेतील स्वातंत्र्य

उद्देशिकेतील स्वातंत्र्य : भारतीय संविधानाच्या उद्देशिकेने न्याय, समानता व बंधुता यांच्या जोडीने नागरिकांना दिलेले अभिवचन. ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ हे त्याचे मराठी शब्द. महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांत उद्देशिका छापलेली असते, त्यामुळे अनेकांना ते तोंडपाठ असतात. १५ ऑगस्टला मिळाले ते स्वातंत्र्य, आणि मनातले निर्भयपणे बोलता येणे तेही स्वातंत्र्यच. देशाच्या व माणसाच्या मोकळेपणाला मराठीत एकच शब्द असल्याने पहिले मिळाले की दुसरे आपोआप आले, असा समज सहज होतो. उद्देशिका तसे मानत नाही. देशासाठी ती ‘सार्वभौम’ हा वेगळा शब्द वापरते आणि स्वातंत्र्य नागरिकांस ‘प्राप्त करून देण्याचा’ निर्धार करते. म्हणजे ते अजून सर्वांपर्यंत पोचायचे आहे, हे संविधान स्वीकारताना, २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच, मान्य केलेले होते.

महाराष्ट्राला हा प्रश्न त्याआधीपासून ठाऊक होता. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, या वादात टिळक आणि आगरकर हे जिवलग मित्र एकमेकांपासून दुरावले. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, तो परक्या सत्तेइतकाच आपल्या घरातील रूढींचा जाच बोलून दाखवण्यासाठी. महाडला १९२७ मध्ये हाच प्रश्न पाण्यावरून उभा राहिला. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी तेथे पाणी प्यायलेल्या लोकांना मार खावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई करणारा संविधानाचा अनुच्छेद १५(२) वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही.

उद्देशिकेचे मूळ जवाहरलाल नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत मांडलेल्या व २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झालेल्या उद्दिष्टांच्या ठरावात आहे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी फ्रान्सची उसनवारी मानली जाते. आपण ती फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहे, असे आंबेडकरांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी ही तिन्ही तत्त्वे एकमेकांपासून तोडता येत नाहीत असे बजावले होते : समतेवाचून स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचे बहुसंख्यांवर वर्चस्व. उद्देशिकेच्या वाचनात हे वाक्य कळीचे आहे. त्याच्याविना तिच्यातील स्वातंत्र्य हा केवळ सरकारने आपला हात आवरण्याचा प्रश्न उरतो.

सरकारच्या हाताचा प्रश्न अर्थात लहान नव्हता. भारतीय दंड संहितेत १८७० मध्ये घातलेल्या कलम १२४अ खाली टिळकांवर १८९७ व १९०८ मध्ये राजद्रोहाचे खटले चालले. दुसऱ्यात सहा वर्षे मंडालेत काढावी लागली. ही आठवण ताजी असल्यानेच अभिव्यक्तीवरील निर्बंधांच्या मसुद्यातून ‘राजद्रोह’ हा शब्द काढावा अशी दुरुस्ती क. मा. मुन्शी यांनी डिसेंबर १९४८ मध्ये सुचवली आणि तो निघाला. कलम मात्र दंड संहितेत राहिले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देण्यापुरते मर्यादित केले आणि ११ मे २०२२ रोजी त्याखालील कारवाई स्थगित ठेवण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो शब्द नाही. पण सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृतींसाठीचे कलम १५२ आहे, आणि त्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे. कलमाचा क्रमांक बदलला म्हणजे टिळकांवरचा अन्याय संपला, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

संविधान लागू होऊन दीड वर्ष होण्याआधीच, १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने अभिव्यक्तीवरील निर्बंधांची कारणे सांगणाऱ्या अनुच्छेद १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्यास चिथावणी ही नवी कारणे आली. त्याच दुरुस्तीने निर्बंधांमागे ‘वाजवी’ हा शब्दही जोडला आणि पुढील सात दशके नागरिक त्याच एका शब्दाच्या आधारावर न्यायालयात उभे राहिले. पालघरमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द ठरले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचे २०२१ मध्ये उघड झाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने धक्का बसल्याचे म्हटले. निकाल दिल्लीत लागतो, पण स्वातंत्र्य मिळते किंवा नाकारले जाते ते पोलीस ठाण्यात.

उद्देशिकेची सर्वांत कठीण परीक्षा आणीबाणीत झाली. २५ जून १९७५ रोजी ती जाहीर झाल्यावर अनुच्छेद १४ (समानता), २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) व २२ (अटकेपासून संरक्षण) खाली न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित करण्यात आला. स्थानबद्ध माणसाला आपली कैद बेकायदा आहे एवढे तरी न्यायालयाला सांगता येईल का? २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. एकटे न्या. हं. रा. खन्ना वेगळे राहिले. पुढे ज्येष्ठता असूनही त्यांना सरन्यायाधीशपद डावलण्यात आले. बहुमतात पुण्यात जन्मलेले न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तो निर्णय गंभीर चुकांचा असल्याचे लिहिले आणि तो रद्द झाला. मधल्या काळात १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ स्थगित करता येणार नाहीत अशी तजवीज केली होती. त्या दिवसांत मराठी साहित्यविश्वातून सर्वांत ठामपणे बोलणाऱ्यांत डिसेंबर १९७५ च्या कऱ्हाड संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत होत्या. केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण संमेलनाचे स्वागताध्यक्ष असताना त्यांनी लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीचा निषेध केला. पुढे त्यांना तुरुंगवास घडला.

सरकारपेक्षा गाव, जात आणि धर्मसंस्था यांचा दाब रोजच्या आयुष्यात अधिक जवळचा असतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तो सरकारी बंदी झुगारल्यामुळे नव्हे, लोकांना विचार करायला सांगितल्यामुळे. जात पंचायतींनी आंतरजातीय विवाहावरून घरेच्या घरे वाळीत टाकण्याचे प्रकारही त्या सुमारास उघडकीस आले. मुंबई राज्याने धर्मबहिष्काराविरुद्ध १९४९ मध्येच कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये तो घटनाबाह्य ठरला. धर्मसमूहाचे स्वतःचा कारभार पाहण्याचे स्वातंत्र्य येथे समूहातल्या एकट्या माणसाच्या स्वातंत्र्यावर मात करून गेले. सरन्यायाधीश भु. प्र. सिन्हा यांनी भिन्नमत नोंदवले होते, आणि ते उद्देशिकेच्या अधिक जवळचे आहे. हा वाद २०२३ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला व तो २०१७ मध्ये अंमलात आला. एखाद्याशी व्यवहार तोडणे, त्याला लग्नकार्यापासून किंवा अंत्यविधीपासून दूर ठेवणे यांसाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. तक्रार नोंदवायला मात्र वाळीत पडलेल्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांनाच पुढे यावे लागते, आणि साक्ष देणारे शेजारी त्याच गावात राहत असतात.